तंजावरचे परदेशी गुरुजी : ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणारी आगगाडी दारासुरम आणि स्वामिमलै ही स्थानके मागे टाकून सुंदरपेरुमाळ कोयिल या लहानशा स्थानकात येते. त्यापुढचे स्थानक पापनाशमचे. तमिळ वैष्णव विष्णूला पेरुमाळ म्हणतात आणि देवळाला कोयिल. तेथील देवळावरूनच गावाला हे नाव मिळाले. सभोवार कावेरीच्या फाट्यांवर आणि कालव्यांवर पोसलेली भातखाचरे आहेत. पूर्वेकडील समुद्रकिनाऱ्यावरून तंजावरच्या राजधानीकडे जाणाऱ्याला कावेरीकाठचा हाच सुपीक पट्टा ओलांडून जावे लागे.

अठराव्या शतकात या भूमीवर मराठ्यांचे राज्य होते. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले आणि त्यांच्यामागून शेकडो मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. घरी मराठी, बाजारात तमिळ, विद्वत्सभेत संस्कृत आणि दरबारी पत्रव्यवहारात फारसी, अशा अनेक भाषा येथे शेजारी-शेजारी नांदत होत्या. मराठी माणूस या देशी मुळात बाहेरूनच आला होता. अशा या राज्यात त्याहूनही दुरून, साता समुद्रांपलीकडून आलेला एक जर्मन पुरुष वीस वर्षे राहिला, येथील राजपुत्राचा पालक व शिक्षक झाला आणि येथील मातीतच विसावला. त्यांचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

जन्म आणि निश्चय

श्वार्ट्झ यांचा जन्म ऑक्टोबर १७२६ मध्ये प्रशियातील सोनेनबुर्ग या लहान गावी झाला. हे गाव आज पोलंड देशात आहे. ते अगदी लहान असतानाच त्यांची आई निवर्तली. या मुलाला आपण देवाच्या सेवेसाठी वाहिले आहे आणि मोठेपणी त्याने तो मार्ग धरला तर त्याला अडवू नये, असे तिने मृत्युशय्येवर पतीला बजावले होते. वडिलांनी ते कधी विसरू दिले नाही; पण मुलाला लाडावूनही ठेवले नाही. साधे अन्न, साधा पोशाख आणि कष्टाची सवय ही शिदोरी त्यांना घरातच मिळाली.

पुढील शिक्षणासाठी ते हाले येथे गेले. आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी तेथे उभारलेल्या अनाथालयाचा आणि शाळांचा लौकिक तेव्हा सर्व युरोपात होता. मद्रासेत अनेक वर्षे काम करून परतलेले बेंजामिन शुल्ट्झ तमिळ बायबल हाले येथे छापण्याच्या खटपटीत होते. मुद्रिते तपासण्यास कोणी तरी हवे, म्हणून तरुण श्वार्ट्झ यांना तमिळ शिकण्यास सांगण्यात आले. दीड वर्ष त्यांनी ती भाषा गिरवली. छपाईचा बेत पुढे बारगळला. शिकलेली भाषा मात्र वाया गेली नाही. ज्या देशाचे त्यांनी दर्शनही घेतले नव्हते त्याची अक्षरे त्यांच्या हाताला वळण देऊन गेली होती.

हिंदुस्थानात जाण्याविषयी विचारणा झाली तेव्हा त्यांनी वडिलांची अनुमती मागितली. थोरला मुलगा इतक्या दूर जाणार, आणि गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नाहीत, हे जाणणाऱ्या वडिलांनी विचारासाठी तीन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आशीर्वाद दिला आणि आता देश व घर विसरून जा, असे सांगितले. श्वार्ट्झ यांनी वडिलोपार्जित मालमत्तेतील आपला वाटा भावंडांच्या नावे करून दिला. १७४९ मध्ये कोपनहेगन येथे त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. काही आठवडे लंडनमध्ये राहून त्यांनी इंग्रजी शिकून घेतली आणि १७५० च्या आरंभी दोन सोबत्यांसह ते जहाजावर चढले. वयाच्या तेविसाव्या वर्षी सुटलेला तो किनारा त्यांना पुन्हा कधी दिसला नाही.

नवी भूमी, नवी भाषा

जुलै १७५० मध्ये जहाज कडलूरला लागले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस श्वार्ट्झ तरंगंबाडी येथे पोहोचले. हे बंदर १६२० पासून डॅनिश लोकांकडे होते. तंजावरच्या नायक राजाने ते त्यांना दिले होते आणि मराठी अमलातही डेन लोक तंजावरला वार्षिक खंडणी भरत असत. १७०६ मध्ये तेथे आलेल्या त्सीगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाने तमिळ शिकून शाळा काढल्या होत्या आणि त्याच्या काळातच तेथे तमिळ छापखानाही सुरू झाला होता.

परमुलखातून आलेल्या माणसापुढे त्या काळी दोन वाटा असत. बहुतेक युरोपीय व्यापारी आणि सैनिक पहिली वाट धरीत. किल्ल्याच्या तटाआड आपल्या देशाचा एक तुकडा उभारायचा, नोकरांमार्फत देशी लोकांशी बोलायचे, पैसा गाठीला बांधायचा आणि जगलोवाचलो तर परत जायचे, असा तो क्रम होता. दुसरी वाट कष्टाची होती. स्वतः ऐकायचे, स्वतः बोलायचे, चुकायचे आणि लोकांकडून दुरुस्त करून घ्यायचे. श्वार्ट्झ यांनी ही दुसरी वाट निवडली. उतरल्यावर चार महिन्यांच्या आत त्यांनी तमिळमध्ये पहिले प्रवचन केले. ज्यांच्याशी बोलायचे त्यांचे मन कळले पाहिजे, म्हणून त्यांनी पुढील काही वर्षे हिंदूंचे पुराणग्रंथ व तमिळ धर्मग्रंथ वाचण्यात घालविली. सकाळी लहान मुलांच्या शाळेत शिकवावे, संध्याकाळी आसपासच्या गावी पायी जावे आणि भेटेल त्या माणसाशी झाडाखाली बसून बोलावे, हा त्यांचा क्रम ठरून गेला.

तमिळपाठोपाठ त्यांनी पोर्तुगीज, हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी या भाषा आत्मसात केल्या. प्रत्येक भाषेमागे एकेक कारण होते. किनाऱ्यावरील मिश्र वंशाचे लोक पोर्तुगीज बोलत, मुसलमान सरदारांशी हिंदुस्थानी व फारसी लागे, आणि तंजावरच्या राजवाड्यात आतल्या माणसांची भाषा मराठी होती. राजाशी दुभाष्यावाचून, त्याच्या घरच्या भाषेत बोलता यावे, यासाठी त्यांनी प्रौढ वयात मराठी शिकण्याचा खटाटोप केला.

त्रिचनापल्लीतील दिवस

१७६२ मध्ये ते पायी तंजावर व त्रिचनापल्ली येथे गेले आणि १७६६ पासून त्रिचनापल्ली हे त्यांचे मुक्कामाचे ठिकाण झाले. तेथे इंग्रजांची छावणी होती. दारूकोठाराच्या स्फोटात अनेक शिपायांची मुले पोरकी झाली होती. त्यांच्यासाठी त्यांनी शाळा चालवली. त्यांच्याच खटपटीने तेथे एक प्रार्थनामंदिरही उभे राहिले.

या काळातील त्यांची राहणी पाहून इंग्रज अधिकाऱ्यांना नवल वाटे. जुन्या इमारतीतील एक खोली, तीत त्यांची खाट आणि त्यांना स्वतःला जेमतेम जागा. जेवण म्हणजे देशी पद्धतीने शिजवलेला भात व भाजी. अंगावर काळ्या रंगात बुडवलेले जाडेभरडे सुती कापड. महिन्याकाठी मिळणाऱ्या १० होनांत त्यांचे सर्व भागे. पुढे इंग्रज छावणीचे धर्मोपदेशक म्हणून त्यांना वर्षाला १०० पौंड वेतन मिळू लागले, तेव्हा त्यातील मोठा भाग त्यांनी शाळेकडे व गोरगरिबांकडे वळविला. त्यांनी लग्न केले नाही. सहकाऱ्याचा तरंगंबाडी येथे जन्मलेला मुलगा जॉन कास्पर कोलहॉफ याला त्यांनी लहानपणापासून शिकवून आपल्या कामाचा वारस केले. परक्या भूमीत जन्मलेल्या त्या पिढीला ही भूमी परकी उरलीच नव्हती.

तुळजाराजांचा दरबार

तंजावरच्या तुळजाराजांची आणि त्यांची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. संभाषण फारसी दुभाष्यामार्फत सुरू झाले. पण आपले म्हणणे नीट पोहोचत नाही असे दिसताच श्वार्ट्झ यांनी तमिळमध्ये बोलण्याची परवानगी मागितली. मधला पडदा दूर झाला आणि राजांना हा माणूस आवडला. राजे विद्याप्रेमी होते, पण राज्याची घडी विस्कटली होती. एकीकडे अर्काटचा नबाब आणि दुसरीकडे इंग्रज कंपनी यांच्या कात्रीत तंजावर सापडले होते. १७७३ मध्ये नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि राजांना कैदेत टाकले. १७७६ मध्ये कंपनीच्या विलायतेतील संचालकांच्या हुकमाने राजांना गादी परत मिळाली. मात्र त्यासोबत किल्ल्यात इंग्रजी पलटण आली आणि खजिन्यावर कर्जाचा डोंगर आला.

१७७८ मध्ये श्वार्ट्झ कायमचे तंजावरला आले. लवकरच किल्ल्यात त्यांचे चर्च उभे राहिले. ते धर्मप्रसारक होते, आणि आपला धर्म लोकांनी स्वीकारावा ही इच्छा त्यांनी कधी लपविली नाही. शास्त्री-पंडितांशी त्यांचे वाद होत. परंतु तुळजाराजे अखेरपर्यंत आपल्या कुलधर्मात राहिले, आणि त्यामुळे दोघांच्या स्नेहात अंतर पडले नाही. मतभेद राखूनही विश्वास टिकू शकतो, हे दोघांनीही आचरणाने दाखविले.

हैदरअलीकडे

१७७९ मध्ये मद्रास सरकारला म्हैसूरच्या हैदरअलीचा मनोदय जाणून घ्यायचा होता. इंग्रज वकिलांवर हैदरचा विश्वास उरला नव्हता. श्वार्ट्झ यांच्याविषयी मात्र त्याने चांगले ऐकले होते. राजकारणात पडावे की नाही, याचा त्यांनी बराच विचार केला. युद्ध टळण्याचा थोडाही संभव असेल तर जाणे हेच कर्तव्य, असे ठरवून ते श्रीरंगपट्टणला गेले. हैदरने त्यांना शेजारी बसवून घेतले आणि मोकळेपणाने बोलला. तेथील मुक्कामात ते तटाबाहेर तंबू ठोकून राहणाऱ्या शिपायांना भेटत, आणि त्यांना कोणी हटकले नाही.

निरोप घेताना हैदरने प्रवासखर्चासाठी ३०० रुपये दिले. श्वार्ट्झ यांनी ती रक्कम मद्रास सरकारपुढे ठेवली. सरकारने ती त्यांनीच ठेवावी असे सांगितले, तेव्हा त्यांनी ती तंजावरच्या इंग्रजी शाळेच्या निधीत भरली. शिष्टाईचे फळ मात्र मिळाले नाही. १७८० मध्ये युद्ध पेटलेच. त्या युद्धात हैदरच्या सैनिकांना एक हुकूम होता: हा पाद्री कोठेही जावो, त्याला अडवू नये. दोन्ही फौजांच्या मधून निर्धास्त जाऊ शकणारा तो त्या प्रदेशातील बहुधा एकमेव युरोपीय होता.

दुष्काळ आणि शब्दाची किंमत

१७८१ पासून तंजावरची रया गेली. हैदरच्या स्वारीने गावे उजाड झाली, पाटबंधारे फुटले, गुरे वळवून नेली गेली. कावेरीकाठची, वर्षाला दोन पिके देणारी खाचरे कोरडी पडली. पापनाशम-कुंभकोणम पट्ट्यासारख्या संपन्न भागातील माणसे अन्नाच्या शोधात राजधानीच्या तटाशी येऊन पडू लागली.

किल्ल्यात फौज होती आणि धान्य संपत आले होते. खेड्यांत थोडेफार धान्य होते. पण ते आणण्यास बैल नव्हते. शेतकरी बैल देण्यास तयार नव्हते, आणि त्याला कारण होते. पूर्वी अनेकदा सरकारने त्यांचे बैल नेले होते आणि मोबदला दिला नव्हता. राजांनी वचन दिले, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिले. कोणी विश्वास ठेवला नाही. अखेर राजांनी श्वार्ट्झ यांना बोलावून घेतले. त्यांनी गावोगावी निरोप पाठविला की बैलांचे भाडे व धान्याची किंमत आपण स्वतःच्या हाताने देऊ. एक-दोन दिवसांत हजार बैल जमा झाले आणि सुमारे दीड महिन्यात ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. प्रत्येकाचा पैसा त्यांनी चुकता केला. राजा आणि कंपनी या दोन सत्तांपाशी जे उरले नव्हते ते एका निःशस्त्र परदेशी माणसापाशी होते, आणि ते त्याने तीस वर्षे लहान-लहान व्यवहारांत शब्द पाळून साठविले होते. स्वस्ताईच्या दिवसांत त्यांनी धान्य विकत घेऊन ठेवले होते. त्यातून त्यांनी अनेक महिने उपाशी माणसांना अन्न दिले.

युद्धानंतर आणखी एक संकट आले. राज्यातील सरखेलाच्या जबर वसुलीला कंटाळून शेतकरी गावे सोडून निघून गेले. पेरणीची वेळ टळून चालली आणि शेते तशीच पडली. परत येण्याची सरकारी आश्वासने व्यर्थ गेली. या वेळीही राजांनी श्वार्ट्झ यांचा शब्द लोकांपर्यंत पोहोचविला, आणि एका दिवसात ७,००० माणसे आपापल्या गावी परतली. उशीर झाला होता, म्हणून त्यांनी रात्रंदिवस खपून शेते लावली. स्वतः घर सोडून आलेल्या माणसाने घर सोडून गेलेल्यांना परत आणले.

एक नकार आणि त्याचे मोल

श्वार्ट्झ यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग यानंतरचा आहे. तुळजाराजांची मुले-नातवंडे एकामागून एक गेली होती आणि ते स्वतः आजाराने खचले होते. १७८७ च्या आरंभी त्यांनी भोसले कुळातील एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव सरफोजी ठेवले. मृत्यू जवळ आलेला पाहून त्यांनी श्वार्ट्झ यांना बोलावले आणि हा मुलगा तुमच्या ओटीत घालतो, त्याचे पालक व्हा, अशी विनंती केली.

श्वार्ट्झ यांनी नकार दिला. आपण किल्ल्याबाहेर बागेतल्या घरात राहतो, महिन्यातून एक-दोन वेळा मुलाला भेटू शकू, राजवाड्यातल्या हेव्यादाव्यांपासून त्याचे रक्षण कसे करणार, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यात फूट पडू नये म्हणून राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना मुलाचा पालक व कारभारी नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला. तो सद्हेतूने दिलेला आणि व्यवहाराला धरून असलेला सल्ला होता. राजांनी तो मानला आणि काही दिवसांत ते निवर्तले.

त्याच वर्षी मद्रासचा गव्हर्नर तंजावरला आला. दत्तविधान शास्त्रशुद्ध नाही असे मत पंडितांकडून मिळविण्यात आले आणि कंपनीने अमरसिंहांनाच गादीवर बसविले. पालक राजा झाला आणि दत्तक पुत्र त्याच्या वाटेतला काटा. सरफोजींना राजवाड्यात जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले. मोकळी हवा नाही, शिक्षक नाही, अक्षरओळखही नाही. ज्याला राजा व्हायचे तो अडाणी राहिला तर त्याचा हक्क आपोआप विरून जातो, हे राजवाड्यातील हितशत्रूंना चांगले ठाऊक होते.

श्वार्ट्झ यांना हे कळले तेव्हा आपल्या नकाराचे मोल कोण भरत आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. वयाची साठ वर्षे ओलांडलेली होती आणि ज्या राजकारणापासून दूर राहण्यासाठी त्यांनी पालकत्व नाकारले होते, त्यातच आता त्यांना उतरावे लागले. ते मुलाला भेटत राहिले आणि मद्रास सरकारला पत्रांवर पत्रे लिहीत राहिले. त्यांच्या आग्रहाने मुलाच्या रक्षणासाठी शिपायांचा पहारा बसला आणि त्याच्या शिक्षणाची थोडी सोय झाली. तेवढ्याने भागेना, तेव्हा १७९३ च्या आरंभी सरफोजी व तुळजाराजांच्या राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. श्वार्ट्झ त्यांच्याबरोबर गेले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांनी सरफोजींच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली.

या मद्रासच्या दिवसांत सरफोजी इंग्रजी शिकले, आणि इतिहास, भूगोल व निसर्गशास्त्रे यांची त्यांना गोडी लागली. त्याच काळात श्वार्ट्झ यांनी दत्तकाचा प्रश्न पुन्हा उकरून काढला. पहिले मत देणारे पंडित दबावाखाली होते, हे त्यांनी दाखवून दिले. निरनिराळ्या ठिकाणच्या शास्त्र्यांचे निर्णय मिळविण्यात आले आणि ते दत्तकाच्या बाजूचे होते. कंपनीने अखेर सरफोजींचा हक्क मान्य केला.

शाळा

राजकारण त्यांच्यावर येऊन पडले. शाळा त्यांनी स्वतः निवडली होती. तंजावरचे इंग्रज रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्याबरोबर त्यांनी देशी मुलांसाठी इंग्रजी शाळांची योजना आखली. तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथे अशा शाळा निघाल्या, आणि १७८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्यांतील प्रत्येक शाळेला वर्षाला २५० होनांचे साहाय्य मंजूर केले. पुढे कुंभकोणमलाही अशीच एक शाळा चालू झाली. या शाळांत मुलांचा धर्म बदलण्यासाठी कोणतीही फसवणूक होऊ नये, हे पथ्य ठरलेले होते. म्हणूनच ब्राह्मण व मराठी कुटुंबांनीही आपली मुले तेथे पाठविली. तिरुनेलवेलीहून त्यांनी आणलेला वेदनायकम हा मुलगा पुढे तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्रियार म्हणून प्रसिद्धीस आला आणि सरफोजीराजांचा स्नेही झाला.

अखेर

१७९७ च्या अखेरीस श्वार्ट्झ यांचा पाय सुजून चिघळला आणि ते अंथरुणाला खिळले. सरफोजी त्यांना भेटण्यास येत. गुरूंनी त्यांना अखेरचा उपदेश केला: डामडौल टाळावा, प्रजेला न्याय द्यावा, आणि अमरसिंहांशी मायेने वागावे. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी, एकाहत्तर वर्षांचे असताना, त्यांनी तंजावर येथे देह ठेवला. सरफोजी येईपर्यंत अंत्यविधी थांबविण्यात आला. राजकुमारांनी शवपेटीवर जरीचे वस्त्र घातले आणि ते ढसाढसा रडले.

शिष्याचा राज्याभिषेक पाहण्याचे भाग्य गुरूंना लाभले नाही. साडेचार महिन्यांनी, २९ जून १७९८ रोजी, सरफोजी गादीवर बसले. अमरसिंह कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले आणि १८०२ मध्ये तेथेच निवर्तले. गादी मिळाली, पण राज्य राहिले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा उरला. ज्या कंपनीच्या न्यायबुद्धीवर श्वार्ट्झ यांनी भिस्त ठेवली, तिने न्यायाची किंमत अशी वसूल केली. त्यांचा प्रामाणिकपणा निःसंशय होता. परंतु त्या प्रामाणिकपणाचा उपयोग कोणत्या सत्तेला होणार, हे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या चरित्राकडे पाहताना ही बाजू नजरेआड करता येत नाही.

वारसा

राज्य गेलेल्या त्या राजाने विद्येचे राज्य उभारले. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर युरोपीय भाषांतील ग्रंथांचा मोठा संग्रह केला. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख कोरविला. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी तेथून बालबोधमुक्तावली हे मराठी पुस्तक छापून निघाले. इसापाच्या गोष्टींचे सखण्णा पंडितांनी केलेले ते भाषांतर मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांपैकी एक आहे. एके काळी ज्याला अक्षरओळखीपासून वंचित ठेवले गेले होते, त्या मुलाने राजा झाल्यावर मुलांच्या हाती छापील गोष्टी दिल्या.

सरफोजी जन्मभर निष्ठावान हिंदू राहिले. काशीयात्राही त्यांनी केली. तरीही गुरूंची आठवण त्यांनी शेवटपर्यंत उराशी जपली. लंडनचे नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांनी संगमरवरी शिल्प करवून घेतले आणि ते तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये बसविले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी, मागे गेरिके आणि जवळ उभी असलेली शाळेतील मुले, असा तो देखावा आहे. गुरूंच्या थडग्यावरील इंग्रजी ओळी राजांनी स्वतः रचल्या.

आजही सुंदरपेरुमाळ कोयिलच्या परिसरात कावेरीचे पाणी कालव्यांतून खेळते आणि खाचरे हिरवी होतात. त्या पाण्यावर कोण कोठून आला याची नोंद राहत नाही. महाराष्ट्रातून आलेली मराठी घराणी तेथे तमिळ बोलू लागली आणि मराठी जपत राहिली. जर्मनीतून आलेल्या एका माणसाने दोन्ही भाषा शिकून घेतल्या. परक्या गावात माणूस आपला केव्हा होतो, याचे उत्तर श्वार्ट्झ यांच्या अठ्ठेचाळीस वर्षांत मिळते: तेथील भाषा शिकल्यावर, दिलेला शब्द पाळल्यावर, आणि आपल्या हातून घडलेली चूक ओळखून ती निस्तरण्यासाठी उरलेले आयुष्य वेचल्यावर. सरफोजींसारखा एक शिष्य मागे ठेवून जाणाऱ्या शिक्षकाला स्वदेश आणि परदेश यांतले अंतर फारसे मोजावे लागत नाही.